निमुळत्या बाटलीवरचा पट्टा

भाऊ गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, दोन पानं वाचते, उठून खिडकीपाशी जाते, आणि परत येऊन बसले की कुठे वाचत होते ते सापडत नाही. त्याच्या औषधांची पिशवी अजून कपाटाच्या दारामागे लटकते आहे. परवा ती काढून पलंगावर रिकामी केली. गोळ्यांची पाकिटं कात्रीने चार-चार, सहा-सहा अशी कापलेली. एका तुकड्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं, दुसऱ्यावर नुसती चंदेरी पाठ. शेवटच्या महिन्यात रोज सकाळी आम्ही दोघं भिंग घेऊन या तुकड्यांसमोर बसायचो. जन्मभर मी मुलांना वाचायला शिकवलं, पण भावाची रक्तदाबाची गोळी यातली कोणती, हे मला वाचता येत नव्हतं. भाऊ म्हणायचा, "बाबा असते तर त्या दुकानदाराचं काही खरं नव्हतं."  पोशीर या गावाचं नाव कोणीच काढायचं नाही, पण दोघांच्याही मनात तेच यायचं, याची मला खात्री आहे. आता ते आठवणारी मी एकटी उरले आहे. म्हणून जमेल तसं, सावकाश लिहून ठेवते.

बाबा कर्जतच्या बाजारपेठेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आमचं घर स्टेशनच्या अलीकडे, दोन खोल्यांचं. घाट चढवण्यासाठी गाडीच्या मागे जादा इंजिन जोडलं की आमच्या फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची, आणि आई न बघता हात वर करून ती धरायची. बाबांच्या सदऱ्याला कायम औषधाचा वास असे. त्यांना अक्षरओळख विसाव्या वर्षी झाली, तीही रेल्वेत कामाला असलेल्या एका शेजाऱ्याकडून, रात्रीच्या जेवणानंतर. हातात कागद असावा आणि तो आपल्याशी बोलू नये, म्हणजे काय होतं, हे त्यांनी भोगलेलं होतं. त्यामुळे औषधाच्या बाटलीवर काय लावायचं, याबद्दल ते फार हट्टी होते. डॉक्टर घरी निघायला मागच्या दारी स्कूटर पुसत असले आणि बाहेर वीस माणसं खोळंबली असली, तरी बाबा बाटली हातात देताना म्हणायचे, "आता तू मला सांग, कसं घेणार?" पेशंटने सांगितल्याशिवाय बाटली हातातून सुटायची नाही.

त्या वेळी औषध न्यायला बाटली घरून आणावी लागे. कोणाची सरबताची, कोणाची डोक्याच्या तेलाची, कोणाची आणखी कसली असे, पण ती धुतलेली असल्याशी मतलब. बाबा तिच्यावर कागदाचा एक अरुंद पट्टा उभा चिकटवत. त्याच्या कडांना खाचा कापलेल्या असत. एका खाचेपासून खालच्या खाचेपर्यंत एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही तो कळायचा. पट्टा कापण्याची बाबांची रीत मात्र वेळखाऊ होती. आलेली बाटली ते खिडकीशी धरत, मापाच्या ग्लासाने तिच्यात एकेक डोस पाणी ओतत आणि पाणी जिथे थांबेल तिथे पट्ट्यावर पेन्सिलीची रेघ मारत. मग पाणी ओतून द्यायचं, रेघांवर खाचा कापायच्या, आणि मोरचूद घातलेल्या निळसर खळीने पट्टा डकवायचा. ती खळ आमच्याच चुलीवर व्हायची. आई म्हणायची, "या घरात मैदा शिऱ्यासाठी कधी आलाच नाय. सगळा बाटल्यांना खायला घातला."

मी मॅट्रिक पास झाले होते आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो रोज खालापूरच्या बाजूला नव्या कारखान्यांच्या फाटकांशी खेटे घालून संध्याकाळी धुळीने पांढरा होऊन परत यायचा. दोघांचंही मन घरात ठरत नव्हतं. अशात बाबांना हिवताप आला आणि ते अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, औषध मी कालवतो, पण चिठ्ठ्या आणि पट्टे मुलीला करू द्या, तिचं अक्षर चांगलं आहे. मी हरखून गेले. पहिल्या दिवशी बाबांच्या रीतीने केलं तर रांग रस्त्यापर्यंत गेली आणि लोक खाकरायला लागले. त्या संध्याकाळी मी कंपासपेटी काढली. फूटपट्टी आणि डिव्हायडर घेऊन सारख्या अंतराच्या खाचा आखल्या, काही पट्टे सहा डोसांचे, काही बारांचे. प्रत्येक खाचेशी लाल शाईने आकडा घातला. शंभर-सव्वाशे पट्टे एका बैठकीत कापून खिळ्याला अडकवले. दुसऱ्या दिवशी बाटली आली की तिच्या उंचीचा पट्टा काढायचा, डकवायचा, पुढचा घ्यायचा. दुपारी बाराला रांग संपली. डॉक्टरांनी मान हलवली. घरी येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

आठव्या की नवव्या दिवशी बाबा शाल गुंडाळून दवाखान्यात आले. खिळ्यावरची पट्ट्यांची चवड त्यांनी बघितली.

"हे आधीच कापून ठेवलेस?"

"हो. वेळ वाचतो."

"आणि बाटली?"

मला प्रश्न कळला नाही. टेबलाखालून खाली फुगीर आणि वर चिंचोळी अशी एक बाटली काढून त्यांनी माझा पट्टा तिच्याशी धरला आणि मापाने पाणी ओतायला लागले. तळाला दोन डोस ओतले तरी पाणी पहिल्या खाचेच्या खालीच होतं. वर गळ्याजवळ मात्र एका डोसात दोन खाचा बुडाल्या. 

"सरळ बाटल्यांचं काही नाही बाय," ते हळू आवाजात म्हणाले. "तिरक्या किती गेल्या?"

मी पेशंटांची तोंडं बघितलीच नव्हती, बाटल्या तेवढ्या बघितल्या होत्या. मला आठवली ती एकच, खाली मडक्यासारखी रुंद आणि वर निमुळती होत गेलेली जाड हिरव्या काचेची बाटली. मुंबईच्या हॉटेलात असते तसली. तिच्यावर पट्टा नीट बसेना म्हणून मी अंगठ्याने दाबून धरला होता. तिच्यात काय भरलं होतं, ते कडू तपकिरी औषधाच्या वासावरून आठवलं. ते हृदयाचं औषध होतं.

बाबा खुर्चीवर बसले. त्या औषधाचा डोस थेंबभरही इकडेतिकडे चालत नसे. ते शरीरात साठत जातं. बाटली वरून रिकामी होते, म्हणजे पहिले डोस कमी गेले असणार आणि रोज थोडे थोडे वाढत गेले असणार. सर्वांत मोठे डोस सर्वांत शेवटी, तळाशी. बारा डोस, सकाळ-संध्याकाळ. वहीत ते औषध नेलेली दोन नावं निघाली, एक शेलूचा म्हातारा आणि एक पोशीरचा. दोघांचंही औषध पाच दिवसांपूर्वी गेलं होतं. डॉक्टर मुंबईला गेले होते, ते संध्याकाळी येणार होते. बाबांच्या पायात उभं राहण्याचं बळ नव्हतं. त्यांनी त्या दिवशी घरीच असलेल्या भावाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "दोघं जा. बाटली मिळेपर्यंत परत येऊ नका."

गाडीत मला बसवेना. भाऊ म्हणाला, "उभी राहून गाडी लवकर पोचनार हाय का?" नेरळला उतरून पोशीरला जायचं की पुढे शेलूला, हे ठरवायचं होतं. मी म्हटलं शेलू. शेलूच्या म्हाताऱ्याचा मुलगा मुंबईत हॉटेलात नोकरीला आहे, असं काहीतरी त्या दिवशी कानावर पडलं होतं. हॉटेलची बाटली म्हणजे तोच. शेलूला स्टेशनपासून पळतच गेलो. म्हातारा ओटीवर विडी ओढत होता. त्याने कोनाड्यातून बाटली काढून दाखवली. ती काठीसारखी सरळ होती.

"चांगलं हाय औषध," तो म्हणाला. "आकडे बी घातलेत. आमची ही पयल्यांदा आकडे शिकली बगा. आता मला एक बी चुकवू देत नाय."

आतून त्याची बायको म्हणाली, "विडी चुकवा म्हनावं, आकडे नका चुकवू."

एरवी मी हसले असते. परतीच्या गाडीला तासभर वेळ होता. त्या तासात मी शेलूच्या फलाटावर किती येरझाऱ्या घातल्या, ते भाऊ पुढे कितीतरी वर्षं नक्कल करून दाखवत असे. पण तेव्हा तोही हसत नव्हता. नेरळहून पोशीरची वाट आम्ही भराभर चाललो. भातं कापून झाली होती, मोकळ्या शेतांत वालाचे वेल हातभर आले होते. मी मनात डोस मोजत होते. नववा काल संध्याकाळी, की आज सकाळी?

घर सापडलं. अंगणात भात झोडणं चाललं होतं. भाताची पेंढी फळीवर आपटणारी बाई आम्हाला बघून थांबली. ती पेशंटची सून चांगुणा. दवाखान्यात तीच आली होती, पण तिचा चेहरा मला अजिबात ओळखता आला नाही. तिचा सासरा उन्हात खाटेवर पडला होता, भिंतीकडे तोंड करून. भाऊने आम्ही कोण ते सांगितलं.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "कालपासून ओकतायत. पोटात पानी ठरत नाय. आन भात वाढला तर मला वरडतात, हळद कशाला घातलीस म्हनून. त्यांना सगळंच पिवळं दिसतंय. कावीळ हाय म्हनतात. उद्या त्या काविळीच्या वैदूकडं नेनार हाव."

डोळ्यांपुढे पिवळं दिसणं हे त्या औषधाचं लक्षण असतं, एवढं बाबांनी मला निघताना सांगितलं होतं. मी बाटली मागितली. तिने ती जपून, दोन्ही हातांनी आणली. तळाशी दोन खाचा उरल्या होत्या. पट्टा कोरा करकरीत होता, लाल आकडे तसेच.

भाऊ माझ्याआधी बोलला. "डॉक्टरांनी औषध बदललंय, वयनी. ही बाटली परत मागवलीय. म्हातारबाबांना गाडी जुंपून कर्जतला आना, आत्ताच. काविळीचं काय करू नका."

चांगुणा बाटलीकडे बघत राहिली. "माझं काय चुकलं का? खाचांपरमानंच देत व्हते. मला वाचता येत नाय, पन खाच कळते. मीच कुठं तरी चुकले आसंन."

"चुकतं एखाद्याचं," भाऊ म्हणाला.

मी तिथेच उभी होते. बाटली माझ्या हातात होती. मी काही बोलले नाही.

बैलगाडीने नेरळ आणि तिथून गाडीने त्यांना कर्जतला आणेपर्यंत दिवेलागण झाली. डॉक्टरांनी बराच वेळ नाडी धरून ठेवली. दोन दिवस म्हातारबाबा दवाखान्याच्या आतल्या बाकावर होते. औषध बंद केलं, ओकारी थांबली, तिसऱ्या दिवशी त्यांनी पेज मागितली. तळाचे ते दोन डोस पोटात गेले असते तर, असं डॉक्टर बाबांना म्हणाले आणि वाक्य पुरं केलं नाही. म्हातारबाबांना आणलं त्याच संध्याकाळी बाबांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं. डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मुलीला उद्यापासून पाठवू नका."

घरी त्या पहिल्या रात्री तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. बाबांनी विचारलं, "सुनेला काय सांगितलंत?"

"औषध बदललं म्हनून," भाऊ म्हणाला.

"मग ती काय म्हणाली?"

भाऊने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. ती काय म्हणाली तेही आणि भाऊ काय म्हणाला तेही. बाबांनी ताट सरकवलं.

"मंग काय सांगायचं व्हतं?" भाऊचा आवाज चढला. "आपल्या हातचं पानी न पिनारी मानसं तुमच्या हातचं औषध पितात. ती कशावर पितात? तुमचा पट्टा चुकत नाय म्हनून. उद्या हे गावभर झालं तर पोशीरचा एक मानूस दवाखान्याची पायरी चढनार नाय."

"म्हणूनच," बाबा म्हणाले. आणि हात धुवायला उठले.

भावाला मी कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. नोकरी नव्हती, घरात एकट्या बाबांची कमाई, आणि वाचवायचं होतं ते मला. त्या अंगणात त्याने खोटं बोलून माझ्यापुढे स्वतःला उभं केलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण त्या रात्रीपासून पुढचे कितीतरी दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी कूस बदलत पडायची, तोही जागाच असायचा, दोघांच्या मधे आई घोरायची.

म्हातारबाबा घरी गेल्यावर बाबा मला घेऊन पोशीरला गेले. पिशवीत एक सरळ बाटली, मापाचा ग्लास आणि ती हिरवी बाटली घेतली होती. आम्हाला अंगणात बसायला पोतं टाकलं. चांगुणाने वरून पाणी ओतलं, आम्ही ओंजळीने प्यालो. मग बाबा म्हणाले, "चूक तुझी नव्हती. पट्ट्याची होती."

पट्टा कोणी कापला ते ते बोलले नाहीत. तिथेच मला पळून जाता आलं असतं. "मी कापला," मी म्हटलं. 

चांगुणाने हिरवी बाटली हातात घेतली, म्हणाली, "दाखव." मी मापाने पाणी ओतून दाखवलं, वरचा घोट केवढा, खालचा केवढा. मागे खाटेवरून म्हातारबाबा मान उचलून बघत होते. थोडं पाणी बाहेर सांडलं. तिने ते दोनदा ओतायला लावलं.

"मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "वाटीत ओतताना दिसायचं, घोट वाढतोय. दोन दीस मनात ठेवलं. मंग म्हटलं, एवढा देखना पट्टा, लाल आकडे, कोनीतरी शिकल्या मानसानं केला आसंल. तो कसा चुकंल? मीच बगायला चुकत आसंन."

आजपर्यंत मला पुष्कळ लोक रागावले, काही वेळा शाळेत अपमानही झाला. पण यासारखं काही लागलं नाही. माझ्या पट्ट्याने तिच्या डोळ्यांना खोटं ठरवलं होतं, आणि तो जितका नीटस होता तितकं ते सोपं गेलं होतं.

डॉक्टर तेच औषध बेताने पुन्हा सुरू करणार होते, त्यासाठी बाबांनी सरळ बाटली पुढे केली आणि जन्मभराच्या सवयीने विचारलं, "आता सांग, कसं देणार?" मग थांबले आणि दुसरंच विचारलं. "कुठं बसून देतेस?"

"पहाटे चुलीपाशी," ती म्हणाली. "तिथं धूर आन काळोख. खाच कुठली दिसते? पयल्या दिशी वरची खाच का खालची, त्यातच माझा जीव टांगला. बोटाला कळंल आसं काय करता येत नाय का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी चांगुणाकडे गोधडीचा जाड दोरा मागितला. बाबा पाणी ओतत गेले, पाणी थांबेल तिथे मी बाटलीभोवती दोरा गुंडाळून गाठ मारत गेले, आणि भाताच्या पेजेने तो पक्का केला. सगळ्या गाठी एका ओळीत. म्हातारबाबा खाटेवरून म्हणाले, "बाटलीला करगोटा बांदला का गं?" चांगुणा तोंडाला पदर लावून हसली. निघताना "परत या" असं कोणी म्हटलं नाही. वाटभर, गावात काय बोललं जाईल, दवाखान्यात कोण येईल आणि कोण येणार नाही, याचा हिशेब दोघंही मनात करत होतो.

पुढच्या काही आठवड्यांत पोशीरची माणसं खरंच कमी आली. बाबा ते बोलून दाखवत नसत, पण संध्याकाळी वहीची पानं उलटताना त्यांचं बोट एका जागी थांबायचं. मी घरात असायची. भांडी घासून झाली की परत घासायची. आई म्हणायची, "त्या तांब्याला भोक पडंल गं."

एका सकाळी भाऊ सायकल दामटत आला. कारखान्याच्या वाटेवरून तसाच परतला होता. "सुमे, बाबांनी बोलावलंय. बस मागं." इतक्या दिवसांनी तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "मला काय ठाव? पोशीरची ती बाई आलीय आन हटून बसलीय."

दवाखान्यात दहाबारा माणसं होती. चांगुणा काउंटरपाशी उभी होती, बाटली समोर ठेवून. राखेने घासताना तिच्यावरचे दोरे सुटले होते. बाबांनी कागदाचा पट्टा काढला होता, तो तिने बाजूला सारला होता. मला बघताच ती डॉक्टरांच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "ही आली बगा. हिनंच बांदायचं."

डॉक्टर दारात आले. एकदा माझ्याकडे, एकदा रांगेकडे बघून आत गेले. बाबांनी दोऱ्याचं रीळ पुढे केलं. ते पाणी ओतत गेले, मी गाठी मारत गेले. मागे कोणी खाकरलं नाही. बारावी गाठ झाल्यावर मी बाटली तिच्या हातात दिली. चांगुणाने सगळ्यांसमोर डोळे मिटले आणि अंगठा वरून खाली नेत एकेका गाठीवर थांबत गेली. पाचव्या गाठीवर ती थांबली, थोडी मागे आली, पुन्हा खाली गेली.

"ही वर बसलीय," ती म्हणाली.

बाबांनी पाणी परत ओतून बघितलं. एका दोऱ्याएवढी वर होती. मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.